सुनेच्या इंग्रजीले माहा हुंकारा

वर्धा जिल्ह्यात इंग्रजीच्या मोठ्यातल्या मोठ्या परीक्षेची तयारी करून घेणारे मास्तर लय असतीन, पण सकाळी मेथी इकून दुपारी ते काम करणारा मी एकटाच. मले इंग्रजीतलं निस्तं "येस" येते, अन् तेबी कुठं म्हणू नाई हे शिकता शिकता एक आख्खी परीक्षा वाया गेली. तीबी माही नाई, सुनेची.

शाळेशी माहं भांडण कधीच नव्हतं. दुसरीत होतो तवा मास्तरनं माह्या बापाले बोलावून सांगतलं का पोरगं तसं हुशार हाय, पण वर्गात बोलून बोलून दुसऱ्यायले शिकू देत नाई. बापानं त्यातलं पयलं आयकलंच नाई. दुसरं आयकलं अन् मले वांग्याच्या वाफ्यात नेऊन उभं केलं. वांग्यायले काही शिकाचं नसते, त्याच्यानं त्यायचं नुकसान झालं नाई. तवापासून मी बोलून राह्यलो.

केळझरच्या बाजूले आमचं भाजीचं वावर हाय. सकाळी उठून गाडीले दोन टोपले बांधतो अन् पिपरी मेघेच्या कॉलनीत फिरतो. भाजी काही माही सगळ्यात चांगली नसते. पण बाया मलेच आवाज देते, काऊन का मी आयकतो. कोणी आपल्या गुडघ्याचं सांगते, कोणी आपल्या जावयाचं. मी भेंडी तोलता तोलता "हं" म्हणतो, "बरं" म्हणतो, "मंग" म्हणतो. गुडघा सांगून झाला का बाई पाव भेंडीची अर्धा किलो करते. याले आमच्याकडं हुंकारा देणं म्हणते. कोणी काही सांगून राह्यलं तर समोरच्यानं हुंकारा द्यावा लागते. नाई दिला तर सांगणारा समजते का हा एक तर झोपला नाई तर रागावला. मले हे कोणी शिकवलं नाई. मी बोलणारा माणूस, मले दुसऱ्याच्या बोलण्यात घुसाले तेवढीच एक खिडकी.

आता सुनेचं सांगतो. माही सून वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स हाय. बुढीच्या, म्हणजे माह्या बायकोच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा मी तिचं काम पायलं. पेशंटच्या खाटेभोवती जमलेले सगळे पाहुणे तिनं एका आवाजात वार्डाच्या बाहेर काढले. त्यायच्यात मीबी होतो. मी म्हणलं, बाई, मी तुहा सासरा. तिनं माह्याकडं पायलंबी नाई, दरवाजा दाखवला.

पण तीच बाई घरी आली का तिचा आवाज चपलीसंगं दाराबाहेर राहाचा. लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली, माह्यासंगं ती सरळ बोलली नव्हती. मी ओसरीवर बसलो असलो का ती आतून बुढीले म्हणाची, "आत्याबाई, मामाजीले विचारा चहा पाहिजे का." बुढी माह्याकडं पाहाची. मी म्हणाचो, "सांग तिले, पाहिजे." तिघंबी एकाच खोलीत. असं आम्ही तिले कराले लावलं नव्हतं, तिच्या मायनंच शिकवून धाडलं होतं. पण आम्ही नकोबी म्हणलं नाई. मान फुकट भेटून राह्यला तर कोण परत करते.

मंग एक दिवस घरात आयर्लंड आलं. तिथल्या एका दवाखान्यानं तिचे कागद पसंत केले. जागा पक्की, पण अट एक. इंग्रजीची परीक्षा द्याची अन् चारी भागात वरचे मार्क आणाचे. ऐकणं, वाचणं, लिहणं अन् बोलणं. तेबी दिवाळीच्या आत, नाई तर जागा दुसऱ्या नर्सले. पोरगा आर्वीच्या डेपोत मेकॅनिक हाय, सुट्टीच्या दिवशी घरी येते. तो म्हणे ती गेली का वर्षभरात मीबी मांगून जाईन. बुढीनं आयकलं अन् चुपचाप भाकर थापली. मी विचारलं, तिथं भेंडी होते का.

वर्ध्याले एका मॅडमचा क्लास तिनं लावला. ड्युटी करून क्लासले जाची, मी टोपले खाली झाले का तिले घ्याले जाओ. क्लासबाहेर एक बाक होता, त्याच्यावर बसून मी मॅडमचं इंग्रजी आयकत राहो. समजे काही नाई, पण चालीवरून राग आला का लोभ, तेवढं मी ओळखो. एक दिवस मॅडम एकदम मराठीत आली. तिले म्हणे, तुमचं वाचणं पक्कं, लिहणं पक्कं, ऐकणं त्याच्याऊन पक्कं. बोलाची पाळी आली का तुमची नजर फरशीवर जाते अन् आवाज तिच्या मांगं. घरी तुम्ही अशा कोणासमोर दबता?

सून म्हणे, मामाजीसमोर.

मॅडम म्हणे, मंग त्यायलेच रोज समोर बसवा. त्यायच्या डोळ्यात पाहून बोलता आलं तर मंग कोणीबी असो.

मी बाकावर ताठ बसलो. माह्या धाकानं एक शिकलेली बाई इंग्रजीत अडखळून राह्यली, एवढा माहा धाक हाय हे मले त्याच दिवशी समजलं. घरी आमची मांजर बी माह्या धाकानं उठत नाई.

दुसऱ्या दिवसापासून आमचा क्लास ओसरीवर सुरू झाला. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. पोरीसारखी सून, सासऱ्याच्या डोळ्यात पाहून बोलणार, म्हणून आपणबी जरा सायबासारखं दिसावं असं मले वाटलं. पोराच्या लग्नातलं जाकीट काढलं. उन्हाचे दिवस, पाच मिनिटात घाम सुटला. बुढी म्हणे, परीक्षा तिची हाय, तुम्ही काऊन भिजून राह्यले जी?

मॅडमनं विषयाच्या चिठ्ठ्या देल्या होत्या, त्या सुनेनं हळदीच्या जुन्या डब्यात टाकल्या. मी डब्यात हात घालाचा, एक चिठ्ठी काढाची अन् तिच्या हातात द्याची. वाचता तर मले येत नव्हती. जत्रेत भविष्य काढणारा पोपट असते ना, तोच मी, निस्तं जाकीट जास्तीचं. चिठ्ठीवर लिहलं राहे का तुमाले आवडणाऱ्या एका जाग्याबद्दल सांगा, नाई तर तुम्ही केलेल्या एका प्रवासाबद्दल सांगा. तिनं मिनिटभर इचार कराचा अन् मंग दोन मिनिटं न थांबता बोलाचं.

पयल्या दिवशी ती माह्या पायाच्या अंगठ्याले काहीतरी सांगून आत गेली. दुसऱ्या दिवशीबी अंगठाच. तिसऱ्या दिवशी मले राहावलं नाई, मी म्हणलं, "हं."

तिनं मान वर केली.

मी म्हणलं, "बरं. मंग?"

अन् ती बोलाले लागली. एक वाक्य, दुसरं वाक्य. मी "हं" म्हणो, ती पुढं जाये. बैलगाडीले जसा मांगून हात लावला का चढाव चढते, तसं. चार दिवसात ती अंगठ्यावरून गुडघ्यावर आली, मंग जाकिटाच्या गुंडीवर, अन् एक दिवस माह्या डोळ्यात पाहून तिनं आख्खी चिठ्ठी बोलून संपवली. दोन मिनिटं कवाच झाली होती, तरी थांबेना. चुलीवर वरण लागून गेलं. मी मधात "येस"बी टाकलं, इंग्रजीचा क्लास हाय तर थोडं आपल्याकडूनबी असावं.

एकदा माह्याकडून गडबड झाली. तिचा आवाज जरा हळू आला, मले वाटलं दुःखाचं हाय, मी म्हणलं, "अरे अरे, बाप्पा." ती एकदम हसाले लागली. माह्यासमोर हसलेली ती पयलीच बारी. म्हणे, "मामाजी, मी नर्सिंगले पयली आली त्या दिवसाचं सांगून राह्यली." एवढं ती माह्यासंगं सरळ बोलली, मधात आत्याबाई नाई. बुढीनं आतून डोकावून पायलं.

मंग वाद घालाची चिठ्ठी आली. गावचं जगणं चांगलं का शहरातलं. मी तिले मराठीत सांगतलं का माहं मत गावाकडून हाय. तिनं इंग्रजीत मले खोडून काढलं, चांगलं हातवारे करू करू. मी प्रत्येक वाक्याले "हं, बराबर" म्हणत गेलो. आपल्याच विरोधात एवढा हुंकारा देणारा माणूस कुठल्या ग्रामसभेत भेटणार नाई.

आता मी कॉलनीत काय चुप राहणार होतो? वांग्यासंगं सुनेचं इंग्रजीबी इकलं. ज्या बाया मले गुडघे सांगत होत्या, त्यायले मी आता आयर्लंड सांगो. एक रिटायर झालेले गुरुजी माह्याकडून रोज टमाटे घेते. ते म्हणे, तुले काय समजते रे इंग्रजीतलं? मी म्हणलं, गुरुजी, समजत नाई म्हणूनच तर ती मले भेत नाई.

परीक्षा नागपूरले होती. जाता जाता केळझरच्या गणपतीपुढं मी नारळ फोडला. परीक्षा घेणाऱ्या सायबासाठी मी चांगली कोवळी वांगी पिशवीत घेतली होती, ती बुढीनं निघताना काढून ठेवली. सून आत गेली, आम्ही बाहेर झाडाखाली बसलो. बाहेर आली तवा तिचा चेहरा फरशीकडं होता. गाडीत बसल्यावर आमच्यात परत आत्याबाई आली.

निकाल मोबाईलवर आला. ऐकणं, वाचणं, लिहणं सगळ्यात वरचे मार्क. बोलण्यात कमी. अन् एका भागात कमी म्हणजे सगळंच कमी.

मी तिले घेऊन क्लासले गेलो. ती आत, मी माह्या बाकावर. मॅडमनं विचारलं, काय झालं आत? सून सांगाले लागली. समोर एक बाई बसली होती. तिनं चिठ्ठी देली. मी डोळ्यात पाहून बोलाले सुरुवात केली, मॅडम, चांगली सुरुवात केली. पण त्या बाईनं "हं"बी म्हणलं नाई. मान हालवली नाई. तोंडावर काहीच नाई. मले वाटलं मी काही चुकीचं बोलली, बाई रागावली. मी थांबली. ती काही म्हणन म्हणून वाट पायली. तीबी थांबली. मंग वेळ संपला.

मॅडमनं डोक्याले हात लावला. म्हणे, त्या बाईले बोलाची परवानगीच नसते. दोन मिनिटं समोरचा माणूस दगडासारखा बसते, तोच नियम हाय. मी मामाजीले समोर बसवा म्हणलं होतं, तेच बसत होते ना? हुंकारे देत होते का ते?

मी बाकावरून उठून रस्त्याकडं पाहाले लागलो. वाटलं आता सून हो म्हणते. सून म्हणे, नाई मॅडम, मी आरशासमोर बोलत होती.

माह्यासाठी ती खोटं बोलली, अन् न अडखळता बोलली. परीक्षेत असंच बोलली असती तर पास झाली असती, असं मले वाटलं, पण ते मी बोललो नाई. येता येता गाडीवर मी म्हणलं, बाई, तुही परीक्षा मी बुडवली. ती मांगून काही बोलली नाई. हुंकारा नाई आला का कसं वाटते ते मले तवा समजलं.

कॉलनीत तर निकाल माह्या आधी पोचला, हुंकाऱ्याचं मीच सांगून बसलो. टमाटे निवडता निवडता गुरुजी म्हणे, "जाणून-बुजून केलं असशीन तू. सून गेली का पोरगाबी जाते, हे तुले मालूम हाय." मी हसलो. पण त्या दिवशी त्यायच्या पिशवीत टमाटे जरा जास्तच पडले, अन् त्यायनंबी परत काढले नाई.

दिवाळीच्या आधी अजून एक परीक्षा भेटत होती. चारी भाग परत द्याचे. ही शेवटची, याच्यात नाई झालं तर आयर्लंड दुसरीचं. सुनेनं हळदीचा डबा परत काढला अन् माह्यासमोर उभी राह्यली. म्हणे, "मामाजी, आता चुप बसाचं."

एवढीशी गोष्ट. लोक डोंगर चढते, उपास करते. मले निस्तं दोन मिनिटं चुप बसाचं होतं. पयल्या दिवशी तिचं पयलं वाक्य संपलं अन् माह्या नाकातून "हं" निघालं. दुसऱ्या दिवशी मी तोंडात सुपारी ठेवली. सुपारी गिळून "मंग" म्हणलं. बुढी म्हणे, तोंडात पाणी धरून बसा. पाणी धरलं तर मान हालाले लागली, पाणी जाकिटावर. मान धरून बसलो तर भुवया हालते म्हणे. हे माह्या अंगात एवढं कुठं कुठं बसलं होतं, मले कधी मालूमच नव्हतं.

बरं, एखाद बारी मी खरंच दगड झालो, तर तिकडून ती बंद पडे. आमच्या घरात मी एरवी बडबड करतो, अन् रागावलो का चुप होतो. हे घरातल्या सगळ्यायले मालूम. पोरानं एकदा मले न विचारता वावरातला मोटारपंप इकून टाकला होता, तवा मी आठवडाभर चुप होतो अन् त्याच्या पोटात भाकर उतरत नव्हती. तर माहं तोंड बंद पडलं का सुनेचंबी पडे. डोळे परत माह्या अंगठ्यावर. मी बोललो तर नापास, नाई बोललो तर मुकी. मॅडमजवळ याच्यावर इलाज नव्हता. मॅडमले खरं सांगतलं कुठं होतं आम्ही.

असेच दिवस चालले होते. एक दिवस दुपारी मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार होता म्हणून मेथी लय काढली होती. जुडी बांधताना दोन्ही हात गुंतलेले राह्यते, म्हणून सुतळीचे तुकडे आम्ही दातात धरतो. एक तुकडा ओढाचा, जुडीले गुंडाळाचा, दुसरा ओढाचा. तोंड भरलेलं असते. त्या टायमाले माह्यासंगं कोणी बोलत नाई, काऊन का आमच्याकडं सगळ्यायले मालूम हाय का दातात सुतळी असलेला माणूस रागावलेला नसते, कामात असते.

सून चहा घेऊन आली. कप खाली ठेवला. अन् काय तिच्या मनात आलं, तिथंच मेथीच्या ढिगापलीकडं पाटावर बसली. डब्यातली चिठ्ठी तिनं आपणच काढली. मी वर पायलं, तिनं माह्या डोळ्यात पायलं अन् सुरू झाली. माह्या गळ्यापर्यंत "हं" आलं, पण दातात सुतळी. सोडली तर सगळे तुकडे चिखलात. मी जुडी बांधली. ती बोलत गेली. मी दुसरी बांधली. ती मधात एकदा अडली, माह्या तोंडाकडं पायलं, सुतळी दिसली, अन् पुढं गेली. मोबाईल वाजला, दोन मिनिटं झाली, ती बोलतच होती.

संपल्यावर मी सुतळी काढून म्हणलं, झालं?

ती म्हणे, "झालं, मामाजी. तुम्ही रागावले नव्हते ना?"

मी म्हणलं, मी मेथी बांधून राह्यलो होतो.

तवापासून तोच क्लास. मेथी नसली का पालक, पालक नसला का सांबार, म्हणजे कोथिंबीर. काहीच नसलं तर मी रिकाम्या हातानं दातात सुतळी धरून बसो. जाकीट पेटीत गेलं. बाजूचे लोक कुंपणावरून पाहे का सून इंग्रजीत भांडून राह्यली अन् सासरा तोंडात दोऱ्या घेऊन आयकून राह्यला. त्यायले वाटलं माह्यावर काही इलाज सुरू हाय. हळूहळू सुतळीबी लागेना. ती मले म्हणे, समजा सुतळी हाय. मी समजो. तीबी समजे. माही मान हाले तेवढी ती माफ करे.

दुसऱ्या परीक्षेले तिनं मले नेलं नाई. पोरगा संगं गेला. बुढीनं नारळ आपल्या हातानं फोडला, मले हात लावू देला नाई. संध्याकाळी सून आली तर तिची नजर समोर होती. मी विचारलं, कसं झालं? म्हणे, या बारीले एक माणूस होता, चष्म्याचा, पयल्या बाईऊनबी दगड. मी त्याच्या तोंडात सुतळी हाय असं समजली अन् बोलत गेली.

निकाल आला तवा चारी भाग पास. बोलण्यात तर अट होती त्याच्याऊनबी जास्त. पोरानं आर्वीहून पेढे आणले. संध्याकाळी आमच्या ओसरीवर माणसं जमली. गुरुजी पिपरीहून मुद्दाम आले. शेजारचे आले, सुनेचे माय-बाप आले. जाकीट पेटीतून परत निघालं. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो अन् सांगाले सुरुवात केली. कसं मी तिले समोर बसवलं. कसा हुंकारा देऊ देऊ तिची भीती काढली. कसं इंग्रजी न शिकता इंग्रजी शिकवता येते, त्याले निस्तं समोरच्याचं मन ओळखता आलं पाहिजे. गुरुजी "हं" म्हणत होते. शेजारी "मंग?" म्हणत होते. मले बोलाले लय रंगत आली. पयली परीक्षा मी सांगताना वगळली. आयर्लंडच्या नर्सा आता माह्याकडं शिकाले येतीन, इथपर्यंत मी पोचलो होतो.

तेवढ्यात सून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिचे माय-बाप समोर, डोक्यावर पदर नाई. तिनं सगळ्यायले चहा देला, शेवटचा कप घेऊन माह्यासमोर उभी राह्यली अन् माह्या डोळ्यात पाहून, आवाज न चढवता, सगळ्यायसमोर म्हणाली, "मामाजी, तुम्ही बोलले तवा मी नापास झाली. तुमच्या तोंडात सुतळी होती तवा पास झाली. चहा घ्या अन् चुप बसा."